रिबकेला विचारले, लेआला कोणी विचारले?

शास्त्रवाचन : उत्पत्ती २४:५०-६१, २९:१५-३५



लाबानाच्या घरातून तीन मुली सासरी गेल्याची हकिकत उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. पहिली त्याची बहीण रिबका. पुढे त्याच्या दोन मुली, लेआ आणि राहेल. घर तेच, आणि त्या घरात ज्याचा शब्द चाले तो पुरुषही तोच. तरी ह्या लग्नांत अंतर केवढे पडले! अब्राहामाचा सेवक दूर देशाहून दहा उंट घेऊन आला. त्याने सोन्यारुप्याचे दागिने व वस्त्रे दिली. बापाने व भावाने स्थळ पसंत केले. दुसऱ्या दिवशी सकाळीच सेवकाला परत निघण्याची घाई झाली. आई व भाऊ म्हणू लागले की, पोरीला निदान दहा दिवस तरी आमच्याजवळ राहू द्या. अशी ओढाताण चालली असता घरच्यांना सुचले की, जिला जावयाचे आहे तिलाच बोलवावे. रिबकेला बोलावले, विचारले, आणि तिने उत्तर दिले. मूळ इब्री भाषेत ते उत्तर एकाच शब्दाचे आहे.

कोणी म्हणेल, लग्न तर आदल्या दिवशीच ठरले होते; तिला फक्त आजच निघतेस काय, एवढेच विचारले. हे खरे आहे. परंतु अकराव्या शतकातील थोर यहुदी भाष्यकार राशी ह्याने ह्याच ठिकाणी असा निष्कर्ष काढून ठेवला आहे की, स्त्रीच्या संमतीवाचून तिचे लग्न लावता येत नाही. एका लहानशा प्रश्नात एवढा मोठा अर्थ आहे, हे त्या भाष्यकाराच्या लक्षात आले.

आता दुसरे लग्न पाहा. तोच लाबान, आता वधूपिता. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली. लाबानाने गावातील सर्व माणसे जमवली आणि मोठी मेजवानी केली. रिबकेच्या वेळी गावजेवण झाल्याचा उल्लेख नाही. येथे मात्र सर्व गाव जेवला. संध्याकाळ झाली, अंधार पडला, आणि राहेलीच्या जागी लेआला पाठवण्यात आले. याकोब फसला, ह्याची हळहळ आपण नेहमी करतो. लेआचे काय झाले ह्याकडे फार थोड्या जणांचे लक्ष जाते. ह्या सबंध प्रकरणात लग्नाआधी तिच्या तोंडी एक शब्दही नाही. ती प्रथम बोलते ती पहिला मुलगा झाल्यावर, आणि तेही आपल्या दुःखाविषयी. पुढे एकतिसाव्या अध्यायात दोघी बहिणी मिळून बापाविषयी बोलतात. त्यांचा आरोप असा की, आपल्या बापाने आपल्याला परक्यासारखे वागवले, विकून टाकले, आणि आलेले पैसेही खाऊन टाकले. इतकी वर्षे मनात साठलेले ते बोल आहेत. मेजवानीला आलेल्या त्या सर्व पाहुण्यांपैकी एकाने जरी उठून नवरी कोण आहे हे विचारले असते, तर?

अँग्लिकन मंडळीचा विवाहविधी ज्यांनी रचला, त्यांच्यापुढे ही दोन्ही लग्ने होती की नाही हे सांगता यावयाचे नाही. पण १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील विवाहाच्या प्रार्थनेत ज्या जोडप्याचे नाव आदर्श म्हणून घेतले आहे ते इसहाक व रिबका ह्यांचे आहे. याकोबाचे नाव तेथे घेतलेले नाही. आणि त्या विधीचा क्रम नीट पाहिला, तर असे दिसते की, लाबानाच्या मेजवानीत जे राहून गेले ते येथे एकामागून एक विचारले गेले आहे.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, आपली मुलेमुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी सर्व देशभर गेली आहेत, आणि लग्नेही दूर दूर होऊ लागली आहेत. समजा, मुलीचे घर नाशिकला आहे, मुलाचे कुटुंब जयपूरला स्थायिक आहे, आणि लग्न जयपूरच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये व्हावयाचे आहे. हे चर्च मूळचे अँग्लिकन परंपरेचे. आज ते उत्तर भारतीय मंडळीच्या राजस्थान धर्मप्रांतात आहे, आणि त्या धर्मप्रांताचे मुख्य ठिकाण अजमेर आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबाला ते परके वाटण्याचे कारण नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली ती आपल्या नागपुरातच. त्या ऐक्यात अँग्लिकन मंडळी जशी आली, तशी जिच्यात आपल्या मराठी मिशनच्या अनेक मंडळ्या होत्या ती युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही आली. तेव्हा नाशिकची मुलगी जयपूरच्या वेदीपुढे उभी राहते ती पाहुणी म्हणून नव्हे.

मग लग्नाची आखणी सुरू होते. आणि ती कोठून सुरू होते? हॉलपासून. जयपूरला तर विचारावयासच नको. देवउठनी एकादशी झाली, किंवा आखा तीज जवळ आली, की शहरातील एकूण एक मंगल कार्यालय, बँड, घोडी व मांडववाला आधीच ठरलेला असतो. आपण मुहूर्त पाळत नाही. पण हॉलवाला पाळतो, आणि त्याच्या भावात तो दिसतो. म्हणून एक व्यावहारिक गोष्ट येथेच सांगून टाकतो. हॉलला बयाणा देण्यापूर्वी पाळकांना भेटावे. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत बऱ्याच मंडळ्या विवाह लावीत नाहीत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या दहाव्या कलमाने विवाहाची वेळ सकाळी सहा ते सायंकाळी सात अशी ठरवली आहे. त्याबाहेरच्या वेळेस बिशपांचा खास परवाना लागतो. रात्री नऊला घोड्यावरून वरात आणून मग विधी, हे जुळावयाचे नाही. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी तीनची वेळ घेऊन वृद्धांचे हाल करू नयेत, हे कायदा सांगत नाही, ते आपणच समजावे.

राजवाड्याच्या हिरवळीवर लग्न लावण्याची आता मोठी हौस आली आहे. त्यासाठीच लोक जयपूर गाठतात. भोजन तेथे खुशाल करावे. विधीविषयी मात्र त्या कायद्याचे अकरावे कलम वाचण्याजोगे आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या पाळकाने नेहमीची उपासना जेथे होते त्या चर्चमध्येच विवाह लावावा. जवळच्या रस्त्याने पाच मैलांत असे चर्च नसेल, किंवा खास परवाना असेल, तरच अन्यत्र. ही निव्वळ सरकारी अडवणूक नव्हे. हिरवळीवर जे जमतात ते निमंत्रित असतात, म्हणजे आपण निवडलेले. चर्चमध्ये मंडळी असते. तिला आपण निवडलेले नसते. लाबानानेही माणसे जमवलीच होती. पण ती त्याची माणसे होती.

आता मूळ विषयाकडे येतो. चर्चमधील विवाहात प्रश्न किती वेळा विचारला जातो, आणि कोणाला?

पहिला प्रश्न मंडळीला, आणि तोही लग्नाच्या कित्येक दिवस आधी. ह्या जाहीर सूचनेला आपल्याकडे अजूनही ‘बॅन्स’ असेच म्हणतात. ही रीत फार जुनी आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती सर्व पश्चिमी मंडळीला लावून दिली. जुन्या अँग्लिकन नियमाप्रमाणे तीन रविवारी उपासनेत वधूवरांची नावे वाचावयाची, आणि कोणास हरकत असल्यास सांगण्यास बोलवावयाचे. दोघे निराळ्या मंडळ्यांतील असतील तर सूचना दोन्हीकडे वाचली जाते, आणि एका पाळकाचे प्रमाणपत्र आल्याखेरीज दुसऱ्याने विवाह लावू नये. म्हणजे आपल्या उदाहरणात नाशिकच्या पाळकांचे पत्र जयपूरला वेळेवर पोहोचले पाहिजे. त्यासोबत दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, वयाचा पुरावा, कोणी विधुर वा विधवा असल्यास मृत्यूचा दाखला. आणखी काय लागते ते त्या त्या धर्मप्रांतात विचारावे. पुष्कळ कुटुंबे ह्या सर्वाला कागदी घोडे समजतात, आणि सूचना एकाच रविवारी उरकता येईल का, अशी विनंती करतात. मुलाचे एखादे आधीचे लग्न दडवलेले असेल, मुलीवर घरात दडपण असेल, हुंड्याची बोलणी आतल्या खोलीत चालली असतील, तर ते उघड होण्यास तीन रविवार ही काही फार मोठी मुदत नाही. १९६१ पासून हुंडा हा कायद्याने गुन्हा आहे. तरी ‘मुलीच्या हौसेसाठी’ ह्या नावाखाली तो ख्रिस्ती घरांतही येतो, हे वाचकांना मी सांगावयास नको.

दुसरा प्रश्न लग्नाच्या दिवशी, सर्वांच्या देखत. आधी वराला, मग वधूला, निरनिराळे विचारले जाते की, ह्या व्यक्तीला तू स्वीकारतोस काय, स्वीकारतेस काय. ह्या प्रश्नाची जागा महत्त्वाची आहे. वधूला तिच्या वडिलांच्या हातून वराकडे देण्याचा भाग ह्याच्या नंतर येतो. बाप आधी देत नाही. मुलगी आधी बोलते. तिने होकार दिल्यावाचून बापाजवळ देण्यासारखे काही नाही, असाच त्या क्रमाचा अर्थ मी करतो.

तिसरा भाग वचनांचा. येथे १६६२ च्या पुस्तकातील एक बारीकशी सूचना बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वर आपल्या उजव्या हाताने वधूचा उजवा हात धरतो व वचन देतो. मग दोघांनी हात सोडावयाचे असतात. आणि त्यानंतर वधूने आपल्या हाताने वराचा हात धरून आपले वचन द्यावयाचे असते. पुष्कळ लग्नांत घाईघाईत हात धरलेले तसेच राहतात; छायाचित्रकारालाही तेच सोयीचे असते. माझी पाळकवर्गाला नम्र विनंती आहे की, हे हात सोडणे गाळू नये. एक क्षणभर ती मोकळी उभी असते. कोणीही तिला धरलेले नसते, बापाने नाही आणि वरानेही नाही. आणि मग ती स्वतः हात पुढे करते.

त्या जुन्या पुस्तकात वधूच्या वचनात आज्ञा पाळण्याचा शब्द अधिक होता, वराच्या वचनात नव्हता. इंग्लंडमध्ये १९२८ साली जी सुधारित रचना तयार झाली तिने दोघांची वचने सारखी केली. तुमच्या चर्चमध्ये कोणती रचना वापरतात हे आधी पाळकांकडे पाहून घ्यावे, आणि ते दोघांनी मिळून वाचावे. लग्नाच्या सकाळी नव्हे, निदान महिनाभर आधी. मुलीने प्रथमच ऐकलेला शब्द तिला सर्वांसमक्ष उच्चारावयास लावणे हे रिबकेला विचारण्यासारखे नसून लेआला पाठवण्यासारखे आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो. जयपूरची उपासना बहुधा हिंदीत व्हावयाची. मुलीचे शिक्षण इंग्रजीत, प्रार्थना मराठीत, आणि वचन हिंदीत! ती अर्थात हिंदी जाणते. पण जाणणे वेगळे आणि ज्या भाषेत आपण रडतो व देवाशी बोलतो त्या भाषेत आयुष्याचा शब्द देणे वेगळे. आमच्या काही मंडळींना वाटते की, विधी दोन भाषांत केला तर त्याचे गांभीर्य जाते. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, धर्मसुधारणेच्या कितीतरी आधी, इंग्लंडात सर्व उपासना लॅटिनमध्ये होत असे तेव्हाही, वधूवरांची वचने मात्र लोकांच्या भाषेतच म्हटली जात. देवाला लॅटिन कळत होते. नवरीला काय कळते हा मुद्दा होता. तेव्हा वराने हिंदीत आणि वधूने मराठीत वचन द्यावे, अशी विनंती पाळकांना जरूर करावी. एखादे मराठी गीत व एक शास्त्रपाठ मराठीत ठेवावा. नाशिकहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आजीच्या हाती मोठ्या अक्षरांत छापलेला मराठी क्रम असावा. फुलांच्या कमानीच्या खर्चात असे दोनशे कागद सहज छापून होतात.

कायद्याचा आधार घेताना आपण ख्रिस्ती लोकांनी फार ताठ मानेने बोलू नये, असेही मला वाटते. आपल्या १८७२ च्या कायद्यात हिंदी ख्रिस्ती वधूचे किमान वय मूळचे तेरा होते, वराचे सोळा. तेरा वर्षांच्या मुलीला वेदीपुढे प्रश्न विचारला, तर तिचे उत्तर कोणाचे असते? वधूसाठी अठरा व वरासाठी एकवीस ही आजची मर्यादा १९७८ साली आली. ह्या वाटेवर आपल्याआधी इतर चालून गेले आहेत. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. १८८४ साली नवऱ्याने नांदावयास येण्यासाठी दावा लावला. १८८७ साली निकाल विरुद्ध गेला, तेव्हा त्यांनी नांदण्यापेक्षा तुरुंग पत्करतो असे सांगितले. जे लग्न मी समजत्या वयात स्वीकारले नाही ते मला बांधीत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १८८८ साली तडजोड झाली, आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

बालविवाहाला देशभर प्रथम आळा घालणारा १९२९ चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हरबिलास सारडा अजमेरचे. म्हणजे राजस्थानानेच तो देशाला दिला. आणि त्याच राजस्थानात, जयपूर जिल्ह्यातील भटेरी गावी, १९९२ साली भंवरीदेवी ह्या साथिणीने नऊ महिन्यांच्या मुलीचे लग्न थांबवण्याचा प्रयत्न केला. नऊ महिन्यांची मुलगी! त्याचा सूड म्हणून आपल्यावर सामूहिक अत्याचार झाला, अशी फिर्याद त्यांनी दिली. १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. नोकरीच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात घालून दिलेले नियम ह्याच घटनेतून निघाले. ज्या मुलीला अजून बोलताही येत नाही तिच्या वतीने एक बाई उभी राहिली, आणि तिला ती किंमत द्यावी लागली. त्या शहरात आपली मुलगी मोकळेपणी उभी राहून होकार देणार आहे, ही लहान गोष्ट समजू नये.

आता राहिले ते किरकोळ. ध्वनिक्षेपकाची तपासणी आदल्या दिवशी करून घ्यावी; वाद्यवृंदाला लावलेला ध्वनिक्षेपक वचनांच्या वेळी नेमका बंद असतो. छायाचित्रकार वेदी व मंडळी ह्यांच्यामध्ये उभे राहणार नाहीत असे त्यांना लेखी सांगावे. हळद, मेंदी, क्रूसाचे पदक असलेले मंगळसूत्र, ह्यांवरून दोन्ही घरांत थोडी कुरबूर होईल. ती होऊ द्यावी, त्यात कोणाचा आत्मा बुडत नाही. खर्च कोणी किती करावा हे मात्र दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून, वधूवरांना हजर ठेवून ठरवावे.

आणि साक्षीदार. विवाहाच्या नोंदवहीत दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आपण तेथे सहसा मामा किंवा वराचा मित्र, जो जवळ उभा असेल त्याला बोलावतो. रूथच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बवाजाने लग्नाआधी नगराच्या वेशीवर दहा वडील जन बसवले, आणि तेथे जमलेल्या सर्व लोकांनी आपण साक्षी आहोत असे कबूल केले. रूथ त्या नगरात परकी होती. तिला पुढे त्याच नगरात राहावयाचे होते, आणि साक्षीदारही तेथेच राहणारे होते. नाशिकचा मामा दोन दिवसांनी गाडीत बसून परत जाईल. म्हणून दोन साक्षीदारांपैकी एक जयपूरच्या मंडळीतील असावा; शक्य तर एखादी वडीलधारी स्त्री, जिचे घर मुलीच्या सासरपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाळकांना विचारले तर ते अशी बाई सुचवतील. तिची व मुलीची गाठ लग्नाआधीच घालून द्यावी, एकदा तिच्याकडे चहाला जावे, आणि तिचा पत्ता व फोन नंबर मुलीच्या आईने नाशिकच्या आपल्या वहीत लिहून ठेवावा.